घरी गाडीचे पॅनल रंगवणे आणि पॉलिश करणे : नागपुरातील नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाटकातून गाडी काढताना दाराला ओरखडा पडतो, बाजाराच्या गर्दीत एखाद्या मोपेडचे हँडल फेंडरला घासून जाते, किंवा दोन पावसाळ्यांनंतर दाराच्या खालच्या कडेला गंजाचा फुगा दिसू लागतो. अशा वेळी हे काम डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे द्यावे की स्वतः करून पाहावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो. गेली काही वर्षे मी स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांची लहान पॅनल्स घराच्या पोर्चमध्ये दुरुस्त करत आलो आहे, आणि त्या काळात शेजाऱ्यांनी व मित्रांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे नागपूरच्या हवेचा विचार करून लिहिली आहेत. मुंबईच्या किंवा पुण्याच्या वाचकाला ऋतूंविषयीचा भाग तसाच्या तसा लागू पडणार नाही.

ओरखडा नुसत्या पॉलिशने जाईल की रंग मारावाच लागेल, हे कसे ओळखावे?

त्यासाठी रंगाचे थर समजून घ्यावे लागतात. आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर सर्वांत खाली गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग म्हणजे बेस, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर असतो, ज्याला आपल्याकडचे पेंटर लॅकर असेही म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात, आणि त्यातला क्लिअर जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. पॉलिश करणे म्हणजे या क्लिअरचा वरचा काही भाग घासून काढणे होय. पॉलिशने काहीही भरले जात नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे.

ओरखडा स्वच्छ धुऊन त्यावर पाणी टाकावे. ओले असताना ओरखडा दिसेनासा होत असेल, तर तो क्लिअरमध्येच आहे आणि पॉलिशने जाण्याची किंवा बराच कमी होण्याची शक्यता असते. नख आडवे फिरवल्यावर ते अडकत असेल, तर ओरखडा खोल आहे. तळाशी राखाडी किंवा पांढरा प्रायमर, चकाकणारा पत्रा किंवा तांबूस गंज दिसत असेल, तर रंगकामाला पर्याय नाही.

जुन्या मारुती ८०० किंवा जुन्या ॲम्बेसेडरसारख्या गाड्यांवर बहुधा क्लिअर नसतो, एकाच थराचा रंग असतो. अशा गाडीला कंपाउंड, म्हणजे रंग घासून चमक आणणारी पेस्ट, लावल्यावर फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो; त्यात घाबरण्यासारखे काही नाही, मात्र तो रंग कायमचा उतरत असतो याचे भान ठेवावे.

सराव म्हणून पहिले पॅनल कोणते निवडावे?

पहिले पॅनल स्वतःच्या गाडीचे नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कबाड्याकडून चेपलेला एखादा फेंडर किंवा स्कूटरचे बाजूचे पत्र्याचे झाकण आणावे आणि त्यावर घासण्यापासून पॉलिशपर्यंतचे सगळे काम एकदा पूर्ण करावे. या सरावात घासायचा पेपर (सँडपेपर) किती दाबला की कड उघडी पडते, रंगाचा स्प्रे कॅन किती जवळ नेला की रंग ओघळतो, हे हाताला कळते, आणि ते वाचून कळत नाही.

त्यानंतर स्वतःच्या गाडीवर यायचे असल्यास लहान, सुटे होणारे आणि उभे पॅनल घ्यावे. बोनेट आणि टप यांच्यावर नवशिक्याने हात घालू नये, कारण आडव्या पृष्ठभागावर धूळ सर्वांत जास्त बसते, ऊनही तेथेच सर्वांत जास्त लागते आणि लहानसा दोषही उन्हात उठून दिसतो. पेट्रोलच्या टाकीचे झाकण लहान असल्यामुळे त्याचा मोह होतो, परंतु साध्या स्प्रे कॅनचा रंग पेट्रोल सांडल्यावर मऊ पडतो किंवा उतरतो, म्हणून तेही टाळावे. रंगांमध्ये साधा पांढरा सर्वांत सोपा आणि सिल्व्हर सर्वांत कठीण. सिल्व्हरमध्ये धातूचे सूक्ष्म कण असतात. फवारा किती ओला पडला यावर ते कण कसे पडून राहतात हे ठरते, आणि त्यामुळे एकाच डब्यातला रंग दोन हातांनी मारला तर दोन वेगळ्या छटा दिसू शकतात.

नागपुरात या कामासाठी वर्षातील कोणता काळ योग्य आहे?

दिवाळीनंतर सुरुवात करावी आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम संपवावे. बहुतेक रंगांना १५ ते ३० अंश सेल्सिअसची कोरडी हवा लागते, आणि नागपुरात ती दिवसा या तीन-साडेतीन महिन्यांतच भरवशाने मिळते.

मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात ठेवलेल्या पत्र्यावर हात टेकवता येत नाही, आणि सावलीतही हवा इतकी तापलेली असते की फवाऱ्याचे थेंब पत्र्यावर पोचण्यापूर्वीच अर्धे वाळतात. परिणामी रंग गुळगुळीत पसरत नाही. हात फिरवल्यास तो खरखरीत, रव्यासारखा लागतो. काही वर्षांपूर्वी मी एका फेंडरचे काम मे महिन्यातच काढले होते आणि उकाडा सहन होईना म्हणून पोर्चच्या खिडकीतला कूलर चालू ठेवला होता. कूलरचा वारा दमट असतो आणि तो वाळ्याच्या जाळीतली, अंगणातली सगळी धूळ उचलून आणतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. तो फेंडर मला पुन्हा पत्र्यापर्यंत घासावा लागला. कूलर चालू असलेल्या जागेत रंग मारू नये, ही सूचना मी तेव्हापासून सर्वांना आवर्जून देतो.

पावसाळ्यात अडचण उलटी असते. रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प बसून रंग किंवा क्लिअर दुधासारखा पांढरट पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये, ऊन पडलेले दिसले तरी, मी कॅन उघडत नाही.

हिवाळ्यातही वेळ पाहावी लागते. जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि पत्र्यावर दव असते. ते वरून वाळले तरी पत्रा बराच वेळ गार राहतो. म्हणून सकाळी ११ ते दुपारी ३ ही वेळ उत्तम. संध्याकाळी दिवा लावून रंग मारल्यास त्या उजेडावर येणारे किडे ओल्या रंगात चिकटतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून कडुलिंबाची पाने आणि पुढे त्याचा मोहोर गळू लागतो, तेव्हा झाडाखालचे पोर्च रंगकामाच्या उपयोगाचे राहत नाही. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांना गाडीवर बसणारी बारीक राख परिचित असेल. त्यांनी वारा पडलेला दिवस निवडावा आणि पॅनल रंगवण्याच्या अगदी आधी पुन्हा पुसून घ्यावे.

फ्लॅटच्या पार्किंगमध्ये रंग मारता येईल का?

घासणे, पुट्टी आणि पॉलिश जरूर करता येईल, पण फवारा मारू नये. फवाऱ्याची धूळ दिसत नसली तरी बरीच लांब जाते आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांवर खरखरीत थर होऊन बसते, जो काढायला त्यांना दिवस घालवावा लागतो. दुसरे कारण आगीचे आहे. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर न जाता फरशीलगत साचते आणि तळघरातील पार्किंगमध्ये तर साठूनच राहते. तेथे पाण्याच्या पंपाच्या स्विचची ठिणगीदेखील पुरेशी ठरू शकते. स्वतंत्र घराच्या पोर्चमध्येही गॅस गीझर, इन्व्हर्टरची बॅटरी, देवघरातला दिवा आणि उदबत्ती यांपासून दूर, दोन बाजू मोकळ्या असलेली जागा निवडावी. फवारणीपूर्वी फरशी ओली करून ठेवल्यास खालची धूळ उडत नाही. मात्र पाणी पॅनलपर्यंत उडणार नाही इतकीच ओली करावी.

कॅन साठवताना आणखी एक काळजी घ्यावी. बहुतेक स्प्रे कॅन ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नयेत अशी सूचना त्यांच्यावर छापलेली असते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आत तापमान याच्याही वर सहज जाते. कॅन विकत घेतल्यावर तो दिक्कीत विसरू नये.

तोंडाला रुमाल बांधला तर पुरेसे आहे का?

नाही. हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

रुमाल, कापडी मास्क किंवा साथीच्या काळात वापरलेला साधा मास्क थिनरची वाफ अजिबात अडवत नाही. साध्या, म्हणजे हार्डनर न मिसळता वाळणाऱ्या रंगासाठी कोळशाचे कार्ट्रिज आणि त्यापुढे धुळीचा फिल्टर असलेला, नाक-तोंड घट्ट झाकणारा रबरी रेस्पिरेटर लागतो. दाढी असल्यास तो चेहऱ्याला बसत नाही. कार्ट्रिज उघडे ठेवल्यास हवेतली वाफ शोषून निकामी होते, म्हणून काम झाल्यावर ते हवाबंद डब्यात ठेवावे. सोबत चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

हार्डनर मिसळून वापरायच्या रंगाला पेंटर टू-के म्हणतात. गॅरेजमध्ये मारला जाणारा चमकदार क्लिअर आणि बरेचसे प्रायमर या प्रकारचे असतात. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात, आणि ती श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो. एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो. या रसायनांची वासावरून सूचना मिळत नाही. वास येईपर्यंत मात्रा घातक झालेली असते. म्हणून रंगकामाच्या बंद बूथमध्ये काम करणाऱ्या माणसाला नळीने बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा दिला जावा अशी अपेक्षा असते. घरी ही व्यवस्था होत नाही. बुडाशी बटण असलेले टू-के क्लिअरचे कॅनही बाजारात मिळतात. बटण दाबले की आतला हार्डनर मिसळतो. ते सोयीचे दिसत असले तरी रसायन तेच असते, म्हणून घरात लहान मुले, वृद्ध किंवा दम्याचे रुग्ण असताना पोर्चमध्ये ते वापरण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.

मग घरी नेमके कोणते काम करावे?

माझ्या अनुभवात सर्वांत चांगला परिणाम कामाची वाटणी केल्याने मिळतो. पॅनल सोडवणे, गंज काढणे, पुट्टी, घासणे, साधा प्रायमर आणि शेवटचे पॉलिश ही कामे घरी करावीत. बेस आणि टू-के क्लिअर मात्र बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्यावा. पॅनल सुटे असल्यामुळे ते स्कूटरवरही नेता येते. फवारणीचे प्रत्यक्ष काम अर्ध्या-पाऊण तासाचे असते. ज्या कामाला दिवस लागतात ते घासण्याचे काम आहे, आणि गॅरेजमध्ये घाई होते ती नेमकी तेथेच. एका नातेवाइकाच्या गाडीच्या दाराचा गंज पूर्ण न काढताच एका गॅरेजमध्ये त्यावर पुट्टी भरली गेली होती. काम हातात आले तेव्हा दार आरशासारखे दिसत होते, परंतु पुढच्याच पावसाळ्यात पुट्टीसकट रंगाचा पापुद्रा सुटून आला. आपल्या पॅनलच्या गंजासाठी आपण जितका वेळ देऊ तितका दुसरा कोणी देणार नाही.

तरीही सगळेच काम स्वतः करायचे असेल, तर हार्डनर नसलेला साधा बेस आणि साधा क्लिअर कॅनमधून मारता येतो. त्याची चमक आणि टिकाऊपणा टू-केएवढा नसतो, हे आधीच मान्य करून सुरुवात करावी.

कॅन घ्यावा की कंप्रेसर आणि गन?

एका पॅनलसाठी कॅन. लहान कंप्रेसरची टाकी गनला लागणारी हवा सलग पुरवू शकत नाही, मध्येच दाब पडतो आणि रंग थुंकल्यासारखा उडतो. शिवाय दाबलेल्या हवेतले पाणी वेगळे करणारा फिल्टर नसेल, तर ते पाणी थेट रंगात जाते. गन घ्यायचीच असेल तर रंग आणि क्लिअरसाठी १.३ किंवा १.४ मिलिमीटरचे आणि प्रायमरसाठी १.७ मिलिमीटरच्या आसपासचे नोझल लागते. पण दुसऱ्या-तिसऱ्या पॅनलपूर्वी हा खर्च करू नये.

रंगाचा कोड कोठे मिळतो, आणि तो रंग तंतोतंत जुळेल का?

कोड गाडीवरच्या धातूच्या पट्टीवर किंवा स्टिकरवर असतो. कंपनीनुसार ती पट्टी इंजिनच्या कप्प्यात, चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा दिक्कीत सापडते. उदाहरणार्थ, मारुतीच्या सिल्की सिल्व्हर रंगाचा कोड झेड२एस असा आहे. नुसते पांढरा किंवा सिल्व्हर असे सांगून रंग आणू नये, कारण एकाच कंपनीचे पांढरे अनेक असतात.

कोड बरोबर असला तरी रंग शंभर टक्के जुळेलच असे नाही. गाडी नागपूरच्या उन्हात आठ-दहा वर्षे उभी राहिली असेल तर तिचा मूळ रंग उतरलेला असतो. म्हणून रंग मिसळून देणाऱ्या दुकानात गाडीचा सुटा भाग, उदाहरणार्थ पेट्रोलच्या टाकीचे झाकण, काढून न्यावा आणि पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून तो सावलीत व उन्हात, दोन्हीकडे ताडून पाहावा. झाकण नेण्यापूर्वी ते कंपाउंडने साफ करावे, अन्यथा धुळकट रंगाशी जुळणी होईल.

गंज आणि पुट्टी यांचे काम कसे करावे?

गंज दिसतो त्याच्या दुप्पट जागा उघडी करावी. फुगलेला रंग खरवडून ८० नंबरच्या पेपरने किंवा तारेच्या ब्रशने पत्रा चकाकेपर्यंत घासावा. सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके उरले तर तेथे गंज बदलणारे द्रावण लावावे आणि बाटलीवर सांगितलेला वेळ थांबावे. पत्र्याला आरपार भोक असेल, तर ते पुट्टीने बुजवू नये. तेथे पत्रा जोडण्याचे काम लागते आणि ते वेल्डरचे आहे. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा हात द्यावा, कारण दमट हवेत उघडा पत्रा रात्रभरातही तांबूस पडू शकतो. हा प्रायमर ब्रशने लावता येतो, फवारायची गरज नसते. पुट्टी त्यावर बसवावी.

दोन भागांच्या पुट्टीत हार्डनर साधारण दोन टक्के लागतो. लिंबाएवढ्या पुट्टीला वाटाण्याएवढा, असे प्रमाण लक्षात ठेवावे. जास्त हार्डनर घातल्यास पुट्टी लवकर वाळते, पण उरलेला हार्डनर नंतर रंगातून डागासारखा वर येऊ शकतो. उन्हाळ्याच्या दिवसांत मिसळलेली पुट्टी काही मिनिटांतच आवळते, म्हणून एका वेळी थोडीच कालवावी. वाळलेली पुट्टी कोरडीच घासावी, कारण ती पाणी शोषून घेते आणि ते पाणी पुढे पत्र्यापर्यंत जाते. पाण्याचा पेपर वापरण्याची वेळ प्रायमरनंतर येते. नळीत मिळणारी एकभागी एनसी पुट्टी फक्त सुईच्या छिद्रांसाठी आणि बारीक ओरखड्यांसाठी आहे. जाड भरल्यास ती महिनोन्‌महिने आकसत राहते आणि चमकदार रंगाखाली खळगा दिसू लागतो.

कोणत्या नंबरचा पेपर कधी वापरावा?

पुट्टीला आकार देताना ८० ते १८०, तिच्या कडा जुन्या रंगात उतरत्या करताना ३२०, प्रायमरच्या आधी ४००, आणि बेसच्या आधी ६०० ते ८००, असा क्रम ठेवावा. एकदम ८० वरून ४०० वर उडी मारली तर ८० च्या रेघा पुसल्या जात नाहीत, त्या फक्त दडतात आणि रंगाचा थिनर वाळल्यावर पुन्हा उमटतात. सपाट जागा नेहमी रबराच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासावी, कारण बोटांनी घासल्यास बोटांचे खळगे पडतात. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून मग घासल्यास खोलगट जागी काळे ठिपके शिल्लक राहतात आणि दोष कोठे आहे ते डोळ्यांना स्पष्ट दिसते. डोळे मिटून तळहात फिरवणे ही जुन्या पेंटरांची पद्धतही तितकीच विश्वसनीय आहे. हातमोजा किंवा पातळ फडके मध्ये ठेवल्यास उंचसखलपणा आणखी चांगला जाणवतो.

पॅनलच्या फक्त एका कोपऱ्यात दोष असला तरी नवशिक्याने पूर्ण पॅनल कडेपर्यंत रंगवावे. मध्येच रंग विरवून टाकणे हे कसबी हाताचे काम आहे.

प्लॅस्टिकच्या बंपरला वेगळे काही लागते का?

होय. उघड्या प्लॅस्टिकवर आधी प्लॅस्टिक प्रायमरचा पातळ हात द्यावा लागतो, अन्यथा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. बंपर लवचीक असल्यामुळे त्यावर साधी पत्र्याची पुट्टी तडकते. प्लॅस्टिकसाठीची पुट्टी मागून घ्यावी.

प्रत्यक्ष रंगाचा हात कसा द्यावा?

आधी पॅनल शाम्पूने धुऊन वाळवावे, मग मेण आणि सिलिकॉन काढणाऱ्या द्रावणाने पुसावे: एका फडक्याने लावावे आणि ते उडून जाण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावे. त्यानंतर पॅनलला उघड्या हाताने स्पर्श करू नये. डॅशबोर्ड किंवा टायर चमकवणारे स्प्रे त्या दिवशी आसपास वापरू नयेत. त्यांतले सिलिकॉन पॅनलवर बसले तर रंग तेथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. झाकण्यासाठी मास्किंग टेप आणि खाकी कागद वापरावा. वर्तमानपत्र एकेरी लावल्यास थिनर त्यातून झिरपतो आणि शाई खाली उतरू शकते.

कॅन कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवावा, उकळत्या पाण्यात कधीही नाही, आणि आतली गोळी वाजू लागल्यानंतर पूर्ण दोन मिनिटे हलवावा. पॅनलपासून २५ सेंटिमीटर अंतर ठेवून हात सरळ रेषेत न्यावा. फवारा पॅनलच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच थांबवावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. मनगट वळवू नये, पूर्ण दंड सरकवावा. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. नवशिक्यांना तो अपुरा वाटतो आणि तेथेच जास्त रंग मारून ओघळ येतात. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबून, टेपवर पडलेला रंग बोटाला चिकटत नाही ना हे पाहावे. पॅनलला बोट लावून पाहू नये. तीन-चार पातळ हातांत रंग पुरता झाकला जातो, आणि मग क्लिअरचे दोन-तीन हात द्यावेत. बेस आणि क्लिअर यांच्यामध्ये किती वेळ चालतो हे डब्यावर लिहिलेले असते. तो वेळ उलटून गेला तर क्लिअर नीट पकड घेत नाही.

ओघळ आला किंवा रंग संत्र्याच्या सालीसारखा झाला, तर काय करावे?

ओघळ ओला असताना त्याला हात लावू नये. तो पूर्ण वाळू द्यावा, आजूबाजूला टेप लावावी आणि लहान कडक ठोकळ्यावर १००० व मग १५०० नंबरचा पाण्याचा पेपर घेऊन फक्त ओघळाचा उंचवटा उतरवावा. ओघळ वरून वाळलेला दिसला तरी आतून मऊ असतो, त्यामुळे साध्या रंगाला आठवडाभर देणे चांगले.

ज्या दोषाला पेंटर ऑरेंज पील म्हणतात तो नागपूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. संत्र्याची साल आपण रोज पाहतो. रंगाचे थेंब पसरून एक होण्यापूर्वी वाळले की तो येतो, म्हणजे अंतर जास्त होते, हात फार कोरडा होता किंवा हवा फार गरम होती. तो क्लिअरमध्ये असेल तर पुढे सांगितल्याप्रमाणे घासून निघतो. गाडीच्या कारखान्यातून आलेल्या रंगातही थोडी साल असते, म्हणून शेजारच्या पॅनलकडे पाहूनच किती गुळगुळीत करायचे ते ठरवावे; आरशासारखे एकच दार बाकीच्या गाडीत विसंगत दिसते.

रंग पांढरट पडला असेल तर कोरड्या, उबदार दिवशी त्यावर क्लिअरचा एक पातळ हात दिल्यास काही वेळा तो पुन्हा पारदर्शक होतो. सुरकुत्या पडल्या असतील, म्हणजे नव्या रंगाच्या थिनरने खालचा जुना रंग उचलला असेल, तर दुसरा उपाय नाही: ते सगळे घासून काढावे आणि प्रायमरपासून सुरुवात करावी.

पॉलिश कधी आणि कसे करावे?

टू-के क्लिअर कडक झाल्यावर, म्हणजे साधारण एक-दोन दिवसांनी, करता येते; साध्या क्लिअरला दोन आठवडे द्यावेत. नख हळूच दाबल्यावर खूण उमटत असेल तर अजून थांबावे.

पॅनलच्या कडांवर आणि आकाराच्या उठावदार रेषांवर टेप लावावी, कारण तेथे क्लिअर सर्वांत पातळ असतो आणि तेथेच तो सर्वांत आधी संपतो. १५०० नंबरचा पेपर दहा मिनिटे पाण्यात भिजवून, शाम्पूचे दोन थेंब घातलेल्या पाण्याने, मऊ ठोकळ्यावर हलक्या हाताने चालवावा. दर काही फेऱ्यांनी पुसून पाहावे: चमकणारे ठिपके म्हणजे सालीचे खळगे. ते जवळजवळ नाहीसे झाले की थांबावे. शेवटचा ठिपका काढण्याच्या हट्टापायी क्लिअर फुटतो, आणि तो फुटला की सगळे रंगकाम पुन्हा करावे लागते. मग २०००, आणि शक्य असल्यास ३००० नंबरने आधीच्या रेघा मऊ कराव्यात. घासताना येणारे पाणी दुधाळ असेल तर क्लिअर निघत आहे. पाण्याला गाडीचा रंग आला तर त्याच क्षणी थांबावे.

त्यानंतर रबिंग कंपाउंड आणि शेवटी बारीक पॉलिश. मशीन घ्यायचे असल्यास डीए, म्हणजे फिरता फिरता डुलणारे मशीन घ्यावे. एकाच अक्षावर फिरणारे रोटरी मशीन एका जागी क्षणभर थांबले तरी रंग तापून जळतो. दोन फूट लांब-रुंद भाग घ्यावा, मशीनचे पॅड पॅनलवर टेकवून मगच ते सुरू करावे आणि सावकाश उभे-आडवे पट्टे मारावेत. उन्हात हे काम करू नये, कंपाउंड वाळून चिकटते. फडके मायक्रोफायबरचे असावे आणि जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये, कारण वाळूचा एक कण पूर्ण दिवसाच्या कष्टावर रेघ ओढतो.

विमा किंवा आरटीओ यांचा काही संबंध येतो का?

रंग तोच ठेवल्यास आरटीओत काही करावे लागत नाही. गाडीचा रंग बदलायचा असेल, तर मात्र नोंदणी प्रमाणपत्रात त्याची नोंद करून घ्यावी लागते. विम्याबाबत एक हिशेब करावा. दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के सवलत मिळते. एका फेंडरसाठी दावा केला की ती सहसा जाते. लहान पॅनलचा खर्च बऱ्याचदा त्या सवलतीपेक्षा कमी भरतो.

नव्या रंगाची काळजी कशी घ्यावी, आणि उरलेल्या रंगाचे काय करावे?

पहिला आठवडा गाडी धुऊ नये आणि महिनाभर तिला वॅक्स लावू नये, कारण रंगातला उरलेला थिनर बाहेर पडत असतो. पक्ष्यांची विष्ठा मात्र लगेच भरपूर पाण्याने भिजवून काढावी. बोअरवेलच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांनी ती उन्हात वाळू देऊ नये. जड पाण्यातले क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात बसतात आणि उन्हात ते क्लिअरमध्ये रुततात. लगेच फडक्याने टिपून घ्यावे.

उरलेला थिनर आणि ब्रश धुतलेले पाणी गटारात ओतू नये. आपल्या शहरातली बरीच गटारे शेवटी नाग नदीलाच मिळतात. थिनर घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवल्यास गाळ खाली बसतो, आणि वरचा स्वच्छ थिनर पुढच्या वेळी अवजारे धुण्यास वापरता येतो. गाळ आणि थिनरची फडकी उघड्यावर पूर्ण वाळवून, घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्यावीत. उरलेला थोडा रंग बाटलीत भरून, तिच्यावर कोड आणि तारीख लिहून, ती सावलीत जपून ठेवावी. फाटकाचा पुढचा ओरखडा त्याच पॅनलवर पडला तर तीच उपयोगी येईल.